अंबडच्या गोडाऊनमधून रोज १८० दुकानं: गाड्यांचे मार्ग आखायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा: अंबडला गोडाऊन असलेले एक वितरक आहेत. बिस्किटं, खाद्यतेल, साबण, चिप्स असा माल. पाच छोटे हत्ती आणि दोन पिकअप. शहरातली दुकानं आणि सिन्नर, ओझर-पिंपळगाव या बाहेरच्या लाइनी धरून रोज साधारण १८० ठिकाणी माल उतरतो. इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्याने पायथॉनमध्ये जेनेटिक अल्गोरिदम (चांगल्या उत्तरांचे तुकडे जोडून आणखी चांगली उत्तरं शोधणारी पद्धत) लिहून मार्ग काढून दिले. कागदावर किलोमीटर कमी झाले, पण ड्रायव्हर म्हणतात, या क्रमाने गेलो तर संध्याकाळी माल शिल्लक राहतो. तर पद्धत चुकली का, दुसरी कोणती वापरावी, की सरळ तयार सॉफ्टवेअर घ्यावं?

ड्रायव्हरांचं म्हणणं आधी खरं धरून चाला. भाच्याच्या प्रोग्रॅमला किलोमीटर कमी करायला सांगितलं होतं, ते त्याने केले. पण शहरातल्या डिलिव्हरीत दिवस किलोमीटरवर संपत नाही, दुकानाच्या दारात संपतो. हिशेब करून बघा. १८० दुकानं सात गाड्यांत वाटली की गाडीमागे पंचवीसेक येतात. समजा शहरातली गाडी दिवसाला ४५ किलोमीटर फिरते आणि द्वारका, मुंबई नाका, शालिमारची गर्दी धरून सरासरी वेग ताशी २० पडतो. म्हणजे गाडी चालवण्यात सव्वादोन तास. आता दुकानाशी काय होतं ते घ्या: गाडी लावायला जागा शोधायची, बॉक्स उतरवून मोजून द्यायचे, जुनी एक्सपायरी परत घ्यायची, मागच्या बिलाचे पैसे, नव्या बिलावर सही. दुकानामागे १२ मिनिटं धरली तरी २५ दुकानांचे पाच तास होतात. उत्तम अल्गोरिदमने किलोमीटर दहा टक्के कमी केले, तर वाचतात १३-१४ मिनिटं. दुकानाशी लागणारी दोन मिनिटं कमी झाली, तर वाचतात ५०.

म्हणून पहिलं काम कॉम्प्युटरवर नाही, गाडीवर आहे. दोन आठवडे प्रत्येक थांब्याची वेळ नोंदवा. गाडीला जीपीएस असेल तर थांबल्याची आणि निघाल्याची वेळ आपोआप मिळते, नसेल तर हेल्परच्या फोनवर दोन बटणं पुरतात. या नोंदींतून प्रत्येक दुकानासाठी दोन आकडे काढा. एक स्थिर वेळ, म्हणजे एक बॉक्स दिला काय आणि दहा दिले काय, लागणारच इतकी. दुसरी बॉक्समागची वेळ. सरासरीऐवजी मध्यक घ्या (नोंदी चढत्या क्रमाने लावल्या की मधोमध येणारा आकडा), कारण एखाद्या दिवशी बिलावरून वाद झाला आणि गाडी पाऊण तास अडकली, तर सरासरी उगाच फुगते. रविवार कारंजा, भद्रकाली, मेन रोडवरच्या दुकानांची स्थिर वेळ गंगापूर रोडच्या दुकानांच्या दुपटीने आली तर नवल वाटून घेऊ नका. तिथे गाडी एका जागी उभी करून हेल्परला हातगाडीवर माल न्यावा लागतो. अशा जागी तीन-चार जवळजवळची दुकानं मिळून एकच थांबा धरा: गाडी एकदा लागते, माल चार ठिकाणी जातो. भाच्याच्या प्रोग्रॅममध्ये हे चार वेगळे बिंदू असतील, तर तो चार वेळा गाडी लावण्याचा वेळ मोजेल किंवा, शक्यता जास्त अशी की, एकदाही मोजणार नाही.

या नोंदी हातात आल्या की आणखी एक गोष्ट दिसते, आणि माझ्या मते तुमच्या धंद्यात सगळ्यात मोठी बचत तिथेच आहे. बरीच लहान दुकानं आठवड्यातून तीनदा दोन-दोन बॉक्स घेतात. दर वेळी स्थिर वेळ पूर्ण लागते. तेच दुकान आठवड्यातून एकदा सहा बॉक्स घेऊ लागलं, तर दोन थांबे आपोआप गेले. कोणत्या दुकानाला कोणत्या वारी जायचं, हा मार्गआखणीचा एक स्वतंत्र आणि जुना प्रश्न आहे. १९७४ मध्ये बेल्ट्रामी आणि बोडिन यांनी तो शहरातला कचरा गोळा करण्याच्या संदर्भात मांडला होता: काही ठिकाणी आठवड्यातून तीनदा जायचं, काही ठिकाणी सहादा, मग वार कसे वाटायचे. (आपल्याकडच्या घंटागाडीचं गणित मात्र थोडं वेगळं आहे. तिला बिंदूंना भेट द्यायची नसते, सगळ्या गल्ल्या चालायच्या असतात. त्यासाठी चिनी गणितज्ञ मेइको क्वान यांनी १९६० मध्ये मांडलेल्या पोस्टमनच्या प्रश्नापासून (सगळ्या रस्त्यांवरून जाऊन कमीत कमी चालून परत कसं यायचं) निघालेली निराळी शाखा आहे.)

वार ठरवताना सेल्समनला बरोबर बसवा. तुमची डिलिव्हरी सेल्समनच्या बीटच्या, म्हणजे ऑर्डर घेण्याच्या ठरलेल्या फेरीच्या, मागे चालते. तो सोमवारी इंदिरानगर, सिडको करत असेल तर मंगळवारी तिथलाच माल निघणार. बीटच जर शहरभर विखुरलेलं असेल, तर मार्ग कितीही हुशारीने काढा, गाड्या विखुरलेल्याच फिरतील. बीट आणि डिलिव्हरीचे वार एकत्र आखा. दुकानदार आठवड्याचा माल एकदम घेणार नाही, कारण त्याच्याकडे जागा आणि पैसा दोन्ही मोजके असतात. त्यामुळे तीनचं एक करण्याचा हट्ट धरू नका, तीनचे दोन झाले तरी पुष्कळ. किमान ऑर्डरची अट सगळ्यांना सरसकट लावण्याऐवजी आडबाजूच्या दुकानांना लावा. बाहेरच्या लाइनींना तर वार बांधूनच द्या. सिन्नरला आणि पिंपळगावला रोज अर्धी भरलेली गाडी पाठवण्यापेक्षा ठरलेल्या वारी भरलेली गाडी पाठवणं केव्हाही बरं, आणि वार पक्का असला की तिकडचे दुकानदारही ऑर्डर साठवून देतात.

आता अंतरं. भाच्याने अक्षांश-रेखांशावरून सरळ रेषेतलं अंतर घेतलंय का, हे आधी विचारा. बहुतेक घेतलं असेल, सुरुवातीला सगळे तेच करतात. नाशिकमध्ये ते चालत नाही, कारण मधून गोदावरी जाते. नदीच्या दोन काठांवरची दोन दुकानं नकाशावर समोरासमोर दिसतात, पण गाडीला पूल गाठून जावं लागतं. महामार्गाचंही तसंच. पाथर्डी फाट्याकडून येताना गाडी उड्डाणपुलावर चढली की मधल्या दुकानांना ती थेट उतरू शकत नाही. खालच्या रस्त्यावर दुभाजक आहेत, म्हणजे पलीकडचं दुकान गाठायला पुढच्या चौकातून वळून यावं लागतं. त्यामुळे अ पासून ब आणि ब पासून अ ही अंतरं सारखी नसतात. प्रत्येक ठिकाणापासून प्रत्येक ठिकाणापर्यंतच्या अंतरांचं कोष्टक दोन्ही दिशांनी वेगवेगळं भरायला हवं.

गोडाऊन धरून १८१ ठिकाणं म्हणजे ३२,७६१ खाने. पैसे घेणाऱ्या नकाशा सेवा असे खाने मोजून आकार लावतात, आणि रोज नवं कोष्टक मागितलं तर बिल वाढत जातं. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत नकाशाचा डेटा घेऊन स्वतःच्या कॉम्प्युटरवर ओएसआरएम हा रस्त्यावरचं अंतर आणि वेळ काढणारा मोफत प्रोग्रॅम बसवला तर हेच कोष्टक काही सेकंदांत फुकट मिळतं. भाचा ते एका शनिवार-रविवारात बसवू शकेल. मात्र त्यातून येणारे वेळ मोकळ्या रस्त्याचे असतात. सकाळी साडेदहाचं द्वारका आणि दुपारी अडीचचं द्वारका यांत जो फरक आहे, तो ओएसआरएमला ठाऊक नाही. त्यावर उपाय साधा आहे. तुमच्या दोन आठवड्यांच्या नोंदींमध्ये दोन दुकानांमधले खरे वेळ आहेतच. शहराचे सात-आठ भाग आणि दिवसाचे तीन तुकडे करा, आणि प्रत्येकासाठी खरा वेळ ओएसआरएमच्या वेळेच्या कितीपट निघतो तो गुणक काढा. यापेक्षा बारीक काम करण्याची तुमच्या आकाराच्या धंद्याला गरज नाही.

दुकानांच्या जागांची खूणही पत्त्यावरून काढू नका. ‘मारुती मंदिराजवळ’ एवढ्या पत्त्यावरून कोणतीही नकाशा सेवा भलतीकडे नेऊ शकते. ड्रायव्हरला सांगा, जिथे गाडी उभी करतोस तिथे फोनवर खूण कर. दुकानाच्या दाराची खूण नको, गाडी उभी राहते तिथली हवी. जुन्या नाशकात या दोन जागांमध्ये दोन गल्ल्यांचा फरक असू शकतो.

बंधनं लिहून काढताना तीन गोष्टी सहसा राहून जातात. एक, वजन आणि घनफळ. छोटा हत्ती साधारण पाऊण टन माल नेतो. तेलाचे डबे भरले तर हौदा अर्धा रिकामा असतानाच वजन पूर्ण होतं. चिप्सच्या गोण्या भरल्या तर वजन नगण्य आणि हौदा मात्र भरून वाहतो. दोन्ही मर्यादा एकाच वेळी तपासायला हव्यात. तेल आणि चिप्स एकाच गाडीत मिसळले तर दोन्ही मर्यादांचा चांगला वापर होतो, आणि तुमच्या मालात ही सोय मुळातच आहे. दोन, वेळा. बरीच किराणा दुकानं सकाळी दहापर्यंत माल घेत नाहीत आणि दुपारी एक ते चार बंद असतात. अवजड वाहनांना बंदी असलेले रस्ते आणि तास वेगळे. बुधवारी गंगाघाटावर आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी त्या बाजूला गाडी घालायची नाही. यातल्या काही वेळा मोडताच येत नाहीत आणि काही थोड्या मोडता येतात. बंद शटर म्हणजे बंद. पण ‘अकराच्या आत आणा’ म्हणणारा दुकानदार सव्वाअकरालाही माल घेतोच. दोन्ही अटी सारख्याच कडक लिहिल्या तर प्रोग्रॅमला उत्तर सापडत नाही, किंवा तो विनाकारण आठवी गाडी मागतो.

तिसरी गोष्ट, माल भरण्याचा क्रम, आणि तुमच्या ड्रायव्हरांच्या तक्रारीचं मूळ इथेही असण्याची दाट शक्यता आहे. जो माल शेवटी उतरायचा तो आधी भरायचा, हे हमालांना सांगावं लागत नाही. पण मार्ग रात्री नऊला ठरला आणि गाड्या सातलाच भरून ठेवल्या असतील, तर सकाळी मिळालेला नवा क्रम गाडीतल्या मालाशी जुळत नाही. मग दर दुकानाशी पुढचे बॉक्स बाजूला काढून मागचे ओढायचे. १२ मिनिटांची २० होतात, ती अशी. मार्ग आधी, बिलं त्या क्रमाने, आणि भरणी उलट्या क्रमाने. गोडाऊनचं वेळापत्रक त्यानुसार बदलावं लागेल.

हे सगळं जागेवर आल्यानंतर पद्धतीचा प्रश्न येतो. आता तिथेही नीट थांबू, कारण भाच्याची मेहनत वाया जायला नको.

या शास्त्राचा पहिला महत्त्वाचा निबंध १९५९ चा, जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅमसर यांचा. विषय होता एका डेपोतून निघून पेट्रोल पंपांवर इंधन पोचवणारे ट्रक. मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर निघतात तोच प्रश्न. पुढे १९६४ मध्ये क्लार्क आणि राइट यांनी बचतीची पद्धत दिली. ती आजही कागद-पेन्सिलने करता येते, आणि वितरकाला मार्गांचं गणित समजून घ्यायचं असेल तर इथून सुरुवात करावी. कल्पना अशी: आधी समजा की प्रत्येक दुकानाला स्वतंत्र गाडी जाऊन परत येते. मग दोन दुकानं एका फेरीत जोडली तर किती वाचतं ते बघा. गोडाऊनपासून पहिल्या दुकानाचं अंतर, अधिक गोडाऊनपासून दुसऱ्याचं, वजा त्या दोघांमधलं. समजा अंबडहून नाशिक रोडचं एक दुकान ११ किलोमीटर आणि देवळाली कॅम्पचं एक १० किलोमीटर आहे, आणि त्या दोघांमध्ये ६. बचत ११ अधिक १० वजा ६, म्हणजे १५. आता सातपूरचं दुकान ५ वर आणि देवळालीचं १० वर, दोघांमध्ये १४ धरा. बचत फक्त १. सगळ्या जोड्यांची बचत काढायची, मोठीपासून छोटीकडे लावायची, आणि गाडीची मर्यादा मोडत नाही तोवर वरून एकेक जोडी जोडत जायचं. गोडाऊनपासून लांब पण एकमेकांजवळ असलेली दुकानं आपोआप एका गाडीत येतात. या पद्धतीचा दोष असा की शेवटी उरलेली दुकानं कुठेतरी कोंबली जातात आणि एखादा मार्ग शहराला वळसा घालतो.

तो दोष निस्तरण्यासाठी सुधारणेच्या चाली असतात. एकाच मार्गात दोन रेषा एकमेकींना छेदत असतील तर मधला भाग उलटा करून छेद काढायचा, ही टू-ऑप्ट, १९५८ पासूनची. एक, दोन किंवा तीन सलग दुकानं उचलून दुसरीकडे ठेवायची, ही ऑर-ऑप्ट. एका गाडीतलं दुकान दुसऱ्या गाडीत द्यायचं, किंवा दोन गाड्यांत अदलाबदल करायची. यातली टू-ऑप्ट पाठ्यपुस्तकांत पहिली येते, पण शहरातल्या डिलिव्हरीत तिचा उपयोग सर्वांत कमी होतो. ती मधला भाग उलटा करते, म्हणजे सकाळच्या वेळेची दुकानं दुपारी जातात, एकेरी रस्ते उलटे पडतात आणि गाडीतला माल उलटा होतो. ऑर-ऑप्ट आणि दोन गाड्यांमधल्या चाली दिशा बदलत नाहीत, म्हणून त्यांना जास्त वेळ द्यावा.

जेनेटिक अल्गोरिदममध्ये मुळात वाईट काही नाही. वाईट असतो तो शुद्ध स्वरूपातला, ज्यात दोन मार्गांचे तुकडे जोडून नवा मार्ग बनवतात आणि त्यावर वरच्यासारख्या सुधारणेच्या चाली चालवतच नाहीत. दुकानांचे क्रम खूप असतात. फक्त १५ दुकानांचेच १,३०,७६७ कोटींहून अधिक होतात. नुसत्या जोडाजोडीने त्यात चांगलं उत्तर सापडणं दुरापास्त. २००४ मध्ये क्रिस्तियाँ प्रिन्स यांनी यावर चांगला तोडगा काढला: सगळ्या दुकानांची एकच लांब रांग धरायची, ती गाड्यांमध्ये कुठे तोडायची हे वेगळ्या अचूक गणनेने ठरवायचं, आणि प्रत्येक नव्या संततीवर सुधारणेच्या चाली चालवायच्या. २०१२ मध्ये टिबो विडाल आणि सहकाऱ्यांनी हीच वाट पुढे नेली. त्यांची संकरित पद्धत आजही या क्षेत्रातल्या सर्वांत भरवशाच्या पद्धतींपैकी आहे, आणि तिची संगणकीय प्रत मोफत आहे. पायव्हीआरपी ही पायथॉनमधली मोफत लायब्ररी तिच्यावरच उभी आहे, वेळेच्या अटी आणि वेगवेगळ्या आकाराच्या गाड्या तिला समजतात. भाच्याने स्वतःचं कोड पुढे नेण्यापेक्षा हिच्यात तुमचा डेटा घालून बघावा. त्याचं शिकणं वाया जात नाही, कारण आत काय चाललंय ते त्याला आता कळेल.

दुसरी वाट पॉल शॉ यांची, १९९८ मधली. चालू योजनेतून एकमेकांशी संबंधित असलेली दहा-वीस टक्के दुकानं काढून टाकायची आणि पुन्हा नव्याने बसवायची, असं हजारो वेळा. रोपके आणि पिसिंजर यांनी २००६ मध्ये तिला स्वतःहून शिकणारं रूप दिलं: काढण्याच्या आणि बसवण्याच्या अनेक तऱ्हांपैकी ज्या उपयोगी पडतात त्या जास्त वेळा वापरायच्या. विचित्र अटी पुष्कळ असतील तर मी ही पद्धत निवडतो, कारण नवी अट आली की फक्त ‘हे दुकान इथे बसतं का’ एवढी तपासणी बदलावी लागते. तेल आणि चिप्स यांचं मिश्रण, चार दुकानांचा एक थांबा, अमुक दुकानाला अमुकच ड्रायव्हर, सगळं तिथे बसतं.

गुगलचं ओआर-टूल्स हे असे प्रश्न सोडवणारं साधनही मोफत आहे आणि पुष्कळ लोक तिथूनच सुरुवात करतात. वापरलं तर तीन गोष्टी सांभाळा. अंतर आणि वेळ पूर्णांकांत द्या: मीटर आणि सेकंद. अपूर्णांक किलोमीटर दिले तर आकडे छाटले जातात आणि जवळची सगळी दुकानं शून्यावर येतात. त्यातली गाइडेड लोकल सर्च ही उत्तर सुधारत राहणारी पद्धत लावाल तर वेळेची मर्यादा द्या, नाहीतर प्रोग्रॅम थांबतच नाही. तुमच्या आकाराला दोन-तीन मिनिटांत बरं उत्तर येतं. आणि प्रत्येक दुकान दंड भरून सोडता येईल असं लिहा. नाहीतर अटी एकमेकींशी भिडल्या की प्रोग्रॅम फक्त ‘उत्तर नाही’ म्हणतो. दंड लिहिला असेल तर तो सांगतो, ही चार दुकानं आज बसत नाहीत. मग सकाळी सात वाजता फोन कोणाला करायचा ते तुम्हाला कळतं.

अचूक, गणिताने सिद्ध झालेलं सर्वोत्तम उत्तर हवं, या मागे लागू नका. पाठ्यपुस्तकातली सूत्रं सरळ एखाद्या सॉल्व्हरमध्ये (गणिती सूत्रं सोडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) घातली तर पंचवीस-तीस दुकानांपुढेच तो तासन्‌तास अडकतो. संशोधक शंभर-दोनशे दुकानांपर्यंत अचूक उत्तरं काढतात, पण त्यासाठी लागणारं तंत्र फार खोल आहे. तुमच्या बॉक्समागच्या वेळेतली अनिश्चिततासुद्धा त्या शेवटच्या एका टक्क्यापेक्षा मोठी आहे.

प्रोग्रॅमला काय कमी करायला सांगायचं, ते तुमच्या खर्चावरून ठरवा. गाडी, ड्रायव्हर आणि हेल्पर यांचा रोजचा खर्च ठरलेला असतो, गाडी पाच तास चालो वा नऊ. म्हणून आधी गाड्यांची संख्या, मग सगळ्यांत उशिरा संपणाऱ्या गाडीची वेळ, आणि त्यानंतर किलोमीटर, हा क्रम मला शहरासाठी योग्य वाटतो. बाहेरच्या लाइनीला डिझेल जास्त जळतं, तिथे किलोमीटर वर आणा. गाड्यांमधली वाटणी दुकानांच्या संख्येवर करू नका, तासांवर करा. मेन रोडची १८ दुकानं आणि कॉलेज रोडची २८ दुकानं यांचं काम सारखं असू शकतं.

सुधारणा झाली की नाही, हे तपासण्याची रीत महत्त्वाची आहे. नव्या योजनेचे कागदावरचे आकडे आणि जुन्या मार्गाचे प्रत्यक्षातले आकडे यांची तुलना करायची नाही. प्रत्यक्षात टायर पंक्चर होतो, दुकानदार जेवायला गेलेला असतो. कागदावर हे काही होत नाही, म्हणून नवी योजना नेहमीच जिंकते. मागच्या महिन्यातले दहा दिवस निवडा. त्या दिवशी ड्रायव्हर ज्या क्रमाने गेला तो क्रम त्याच कोष्टकात, त्याच थांब्याच्या वेळा लावून मोजा. मग प्रोग्रॅमचा क्रम तसाच मोजा. आता तुलना खरी. जुन्या ड्रायव्हरचा क्रम अनेकदा प्रोग्रॅमच्या फार मागे नसतो, आणि एखाद्या दिवशी तो पुढेही असतो. तसं झालं तर तुमच्या अटींत किंवा वेळांत काहीतरी राहिलंय. स्वतःचं कोड वापरणार असाल तर सॉलोमन यांनी १९८७ मध्ये तयार केलेली शंभर-शंभर ग्राहकांची उदाहरणंही सोडवून बघा. त्यांची सर्वोत्तम उत्तरं प्रसिद्ध आहेत, त्यामुळे आपण किती मागे आहोत ते लगेच समजतं.

ड्रायव्हरने योजना मोडली तर रागावू नका, नोंद करा. एकाच दुकानाशी तो पुन्हा पुन्हा क्रम बदलत असेल, तर त्यामागे कारण असतं: शाळा सुटण्याची वेळ, दुपारी ऊन येणारी जागा, मालक अकरानंतरच येणं, उधारी सकाळी मागितलेली न चालणं. त्याला विचारा आणि ते कारण अट म्हणून लिहा. दोन-तीन महिन्यांत अशा बऱ्याच अटी जमतात आणि बदल कमी होत जातात. त्याच कारणाने दुकानांवर शक्यतो तोच ड्रायव्हर ठेवा. किराणा दुकानदार ओळखीच्या माणसाकडून माल पटकन मोजून घेतो, अनोळखीकडून प्रत्येक बॉक्स उघडून. हा फरकही थांब्याच्या वेळेत दिसतो. मी साधारण असं करतो: प्रत्येक ड्रायव्हरची बारा-पंधरा दुकानं पक्की, आणि दोन भागांच्या सीमेवरची दुकानं रोजच्या ऑर्डरप्रमाणे इकडून तिकडे. प्रोग्रॅमला फक्त त्या सीमेवर मोकळीक.

सकाळी गाड्या निघाल्यावर आलेली ऑर्डर सगळी योजना मोडून पुन्हा आखायची नाही. ज्या गाडीच्या मार्गात ती सगळ्यांत कमी वेळ वाढवून बसते तिथे घालायची, किंवा उद्यावर टाकायची. माल तर गोडाऊनमध्येच आहे, त्यामुळे बहुतेक वेळा उद्याच.

तयार सॉफ्टवेअर घेण्याचा विचार असेल तर विक्रेत्याचं प्रात्यक्षिक बघू नका, तुमचा एक खरा दिवस त्याच्यापुढे ठेवा: १८० ऑर्डरी, वजन आणि घनफळ, वेळा, सात गाड्या. पैसे देण्याआधी योजना मागा आणि ती तुमच्या सर्वांत जुन्या ड्रायव्हरला दाखवा. वजन आणि घनफळ दोन्ही एकदम धरतं का, अमुक दुकान अमुक गाडीला बांधता येतं का, भरणीची यादी उलट्या क्रमाने छापतं का, आणि सोडून जायचं ठरवलं तर दुकानांच्या खुणा आणि वेळांचा डेटा परत मिळतो का, हे चार प्रश्न लेखी विचारा. शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा. दोन आठवड्यांच्या नोंदींपासून जे जमत जातं ती तुमची मालमत्ता आहे, विक्रेत्याची नाही. सात गाड्यांना मोफत साधनं आणि घरचा तरुण पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. गाड्या वीसच्या वर गेल्या, किंवा दुसरं गोडाऊन आलं, की विकत घेण्याचा विचार करा.

एक काम मात्र आत्ताच करून ठेवा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रामकुंड, गंगाघाटाकडचे रस्ते पाण्याखाली जातात आणि पंचवटीकडची ये-जा उरलेल्या पुलांवर येते. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपास त्याच भागात गाड्यांना मनाई असेल, आणि गर्दीचा दाब द्वारका, नाशिक रोड आणि त्र्यंबक रोडपर्यंत येईल. ओएसआरएममध्ये ते रस्ते आणि पूल बंद करून दोन जादा कोष्टकं तयार ठेवा, एक पुराचं आणि एक पर्वणीचं. पंचवटीच्या दुकानांना त्या आठवड्यात दुप्पट माल आधी देऊन ठेवायचा की आडगावकडून पहाटे गाडी घालायची, हे त्या कोष्टकावर आधीच मोजून बघता येईल. दुकानदारांशीही मग वेळेत बोलता येईल, कारण पर्वणीत त्यांचीही विक्री सर्वाधिक असते आणि माल साठवायला जागा करायला त्यांना महिनाभर तरी लागतो.